मफीबोशेथाच्या शेताचे काय झाले?

(आपल्या उपदेशांचे व आश्रयगृहांचे एक परीक्षण)

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायावर उपदेश केला नाही असा पाळक आपल्या मराठी मंडळ्यांत शोधूनही सापडणार नाही. त्या उपदेशाचा साचा ठरलेला आहे. लो-दबार म्हणजे चारा नसलेली भूमी, अर्थात पापी मनुष्याची स्थिती. दोन्ही पायांनी लंगडा मफीबोशेथ म्हणजे स्वबळाने देवाकडे येऊ न शकणारा मानव. आणि दाविदाचे मेज म्हणजे कृपा. शेवटी, मेजापाशी बसल्यावर त्याचे लंगडे पाय मेजाखाली झाकले जात, हा मुद्दा आला की श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. (हा मुद्दा शास्त्रात नाही, तो कोणा उपदेशकाने कधी तरी घातला व पुढे सर्वांनी उचलला.) हा उपदेश मी स्वतः चार वेळा केला आहे. पाचव्यांदा करणार नाही, आणि त्याचे कारण सेवकबंधूंपुढे मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

सुरतेतील आमच्या मराठी मंडळीची बहुतेक कुटुंबे नंदुरबार, नवापूर, धुळे, जळगाव या बाजूंनी, ताप्ती लाइनच्या गाडीने, गिरण्यांच्या व यंत्रमागांच्या आशेने आलेली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत त्यांची वस्ती आहे. त्यांतील एका भगिनीस लहानपणी पोलिओ झाला होता. आज ती साठीच्या घरात आहे. साड्यांना खडे चिकटवण्याचे काम ती बसल्या जागी करते व स्वतःचा खर्च भागवते. आई होती तोवर आईने केले. आई वारल्यावर ती भावाकडे तिसऱ्या मजल्यावर आली आणि तेव्हापासून वर्षातून फार तर दहा-बारा वेळा जमिनीवर उतरली. दुसरे एक बंधू जन्मांध आहेत. टेलिफोनचे सार्वजनिक बूथ अपंगांस देण्याचा काळ होता तेव्हा त्यांचे बूथ होते. खिशाखिशात फोन आले आणि बूथ गेले. तिसरी एक भगिनी, वय पन्नाशीचे, बुद्धीने मंद, पण स्वयंपाकात व धुण्याभांड्यांत कोणासही हार न जाणारी. तिचे आईवडील दोघेही नाहीत.

या तिघांनी मिळून मंडळीकडे अर्ज केला. आवारातील धर्मशिक्षकाचे दोन खोल्यांचे घर काही वर्षे रिकामे आहे. ते तळमजल्यावर आहे आणि त्याचे जोते उंच आहे. सुरतेत या दोन गोष्टी एकत्र मिळणे सोपे नाही, कारण ज्यास जिना चढता येत नाही त्यास तळमजलाच हवा, आणि ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यांचे काय झाले हे येथील प्रत्येकास आठवते. तिघांनी लिहिले होते की आम्ही भाडे देऊ, एकमेकांस सांभाळू, आणि जे आम्हांस जमणार नाही त्यासाठी बाई लावू.

पंचायत समितीत या अर्जावर अर्धा-पाऊण तास चर्चा झाली. कोणीही कठोर बोलले नाही, हे मुद्दाम नमूद करतो. रात्री काही झाले तर कोण धावणार, असे एकाने विचारले. दोन अविवाहित स्त्रिया व एक पुरुष एका घरात, लोक काय म्हणतील, असे दुसऱ्याने विचारले. मग सर्वांच्या मते प्रेमाचा मार्ग ठरला: दोघी भगिनींसाठी एका आश्रमास व बंधूंसाठी दुसऱ्या आश्रमास विनंतीपत्रे पाठवावीत. पत्रे मीच लिहिली. त्यांत ‘निराधार’ हा शब्द तीन वेळा आला होता.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी मफीबोशेथावर उपदेश केला. योगायोगाने ती भगिनी त्या दिवशी आली होती. दोघा तरुणांनी तिला खुर्चीसकट उतरवले होते. उपासना संपल्यावर दाराशी हस्तांदोलन करताना तिने माझा हात धरून ठेवला व विचारले, “पाळकसाहेब, ताटाचं झालं. पण त्याच्या शेताचं काय झालं?”

मी घरी येऊन शास्त्र उघडले.

नवव्या अध्यायात दावीद मफीबोशेथास एक नव्हे, दोन गोष्टी देतो, आणि क्रमाने पाहिल्यास पहिली गोष्ट भोजन नाही. तुझा आजा शौल याची सर्व शेतजमीन मी तुला परत देतो, हे सातव्या वचनात आधी येते व मेजाचा उल्लेख नंतर. जमीन हे त्याचे वतन आहे. दावीद ती दान देत नाही, परत करतो. याच्या मागे जो इब्री शब्द आहे, हेसेद, तो आपण ‘दया’ असा वाचतो आणि कीव असा ऐकतो. परंतु पहिल्या शमुवेलाच्या विसाव्या अध्यायात योनाथान व दावीद यांच्यामध्ये जो करार झाला, त्यास जागणे असा त्याचा येथे अर्थ आहे. मफीबोशेथाचा हक्क त्याच्या पायांवरून उत्पन्न झालेला नाही. तो योनाथानाचा पुत्र आहे, आणि योनाथानास शब्द दिलेला आहे. त्यास मीखा नावाचा मुलगा आहे, हेही बाराव्या वचनात सांगितले आहे. म्हणजे आपण रंगवतो तो एकाकी, निराश्रित लंगडा शास्त्रात नाहीच. एक कुटुंबवत्सल, वतनदार मनुष्य आहे.

आता व्यवस्था पाहा. जमीन कसण्याचे काम सीबाकडे दिले जाते. त्याचे पंधरा पुत्र आणि वीस चाकर. मफीबोशेथ यरुशलेमेत राहतो व राजाच्या पंक्तीस जेवतो. शेत त्याच्या नावावर आहे, पण तो तेथे नाही. आणि त्याचे चालणे-फिरणेही सीबावर अवलंबून आहे. ही व्यवस्था वरवर पाहता उत्तम दिसते. नवव्या अध्यायात आपण पुस्तक मिटतो, म्हणून ती आपल्याला अखेरपर्यंत उत्तमच वाटते.

सोळाव्या अध्यायात अबशालोमाच्या बंडामुळे दावीद नगर सोडून निघतो. सीबा लादलेली गाढवे घेऊन सामोरा येतो आणि सांगतो की माझा धनी राज्याच्या लोभाने मागे राहिला आहे. राजा दुसऱ्या पक्षाचे एक अक्षर न ऐकता सर्व मालमत्ता सीबास देऊन टाकतो. एकोणिसाव्या अध्यायात मफीबोशेथ परत भेटतो. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा राखलेली नाही, दाढी केलेली नाही, वस्त्रे धुतलेली नाहीत. तो सांगतो की मी गाढवावर खोगीर घालून तुझ्याबरोबर येणार होतो, कारण मी लंगडा आहे. पण माझ्या चाकराने मला फसवले. दावीद त्याचे बोलणे पुरते ऐकूनही घेत नाही. पुरे झाले, जमीन तुम्ही दोघे वाटून घ्या, असा निवाडा करतो. यावर, त्यानेच सर्व घ्यावे, राजा सुखरूप आला हे मला बस आहे, असे मफीबोशेथ म्हणतो. त्या वाक्यातील नम्रतेवर आपण उपदेश करतो. मला आता त्यात थकवा ऐकू येतो.

जो मनुष्य तुमच्या गाढवावर खोगीर घालतो त्याच्याच हाती तुमचे शेत असेल, तर एखाद्या सकाळी तो खोगीर घालीत नाही आणि तुमचे शेत जाते. राजाचे मेज तुम्हांस वाचवू शकत नाही, कारण तुमच्याविषयी राजास जे काही कळते ते त्याच मनुष्याच्या तोंडून. माझ्या मते मफीबोशेथाच्या कथेचा गाभा हा आहे, आणि अपंग मनुष्य म्हातारा होऊ लागला असता त्याने कोठे व कसे राहावे या प्रश्नाचा गाभाही हाच आहे. आपण विचारतो, त्याला सांभाळणार कोण? त्या भगिनीने विचारले होते, घर कोणाचे असणार?

मेज द्यावे व अधिकार देऊ नये, ही विभागणी शास्त्रात अन्यत्रही आहे आणि ती आपण प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. लेवीयच्या एकविसाव्या अध्यायात अहरोनाच्या वंशातील व्यंग असलेल्या याजकास परमपवित्र अन्न खाण्याची मुभा आहे, मात्र वेदीजवळ जाण्याची नाही. दुसऱ्या शमुवेलाच्या पाचव्या अध्यायात, आंधळ्या-लंगड्यांनी घरात येऊ नये, ही म्हण दाविदाच्याच नगरात रूढ झाल्याचे सांगितले आहे. त्याच नगरात दावीदपुत्र म्हणवला गेलेला प्रभू मंदिर शुद्ध करतो आणि लागलीच, मत्तय २१:१४ नुसार, आंधळे व लंगडे मंदिरात त्याच्याकडे येतात. चौरंग उलथून टाकल्यानंतर प्रथम आत आले ते हे लोक. या वचनावर मी एकही मराठी उपदेश ऐकलेला नाही. लूक १४ मधील मेजवानीवर मात्र पुष्कळ ऐकले, कारण तेथे प्रभू यजमानास उद्देशून बोलत आहेत व यजमानाची जागा आपण सर्वजण सहज घेतो.

आता या दृष्टीने आपल्या आश्रयगृहांकडे पाहू. ज्या कार्यांपुढे मी लहान आहे त्यांविषयी हे लिहीत आहे, याची मला जाणीव आहे.

मराठी ख्रिस्ती मनुष्याच्या मनात या विषयाबरोबर पहिले नाव येते ते केडगावचे. पंडिता रमाबाईंनी मुक्तीची वसाहत उभी केली आणि १९०० च्या सुमाराच्या दुष्काळात आमच्या या गुजरातेतूनही शेकडो मुली तेथे नेल्या. तेथे अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन होते. वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीती सदन होते. मनोरमाबाईंनी अंध मुलींस ब्रेल शिकवले. ज्या काळी अंध विधवेचे स्थान देवळाच्या पायरीवर होते, त्या काळी हे घडले. तिला शिक्षण मिळाले, काम मिळाले आणि वय झाले म्हणून बाहेर काढले जाण्याचे भय उरले नाही. हे ऋण मोठे आहे. तरीही एक प्रश्न मनात येतो. बार्तिमी सदनातील स्त्री म्हातारी झाली म्हणजे ती अंध मानावयाची की वृद्ध? तिने कोणत्या सदनात राहावे? आणि हे ठरवताना तिला कोणी विचारावयाचे? सदनाची नावे गरजांवरून पडतात. माणसे एका गरजेची नसतात, आणि वयाबरोबर तर एक गरज दुसरीत मिसळत जाते. रमाबाई स्वतः हयात असताना कदाचित हा प्रश्न उद्भवला नसेल, कारण त्या प्रत्येकीस ओळखत असत. संस्थापक गेल्यावर मात्र ओळखीची जागा नियम घेतात.

येथे सुरतेत रामपुरा भागात एक जुनी धर्मादाय संस्था आहे. आज ती रुग्णालय म्हणून सुपरिचित आहे. तिचे नाव अशक्ताश्रम. त्या नावात मला कधी काही खटकले नव्हते. आता खटकते, यात त्या संस्थेचा दोष नाही. आपल्या सर्वच भाषांत घरे अशी नावे धारण करून उभी आहेत. अलीकडे सरकारने अपंगांस दिव्यांग म्हणण्याची रीत पाडली. शब्द गोड आहे. त्याने कोणाच्या हाती किल्ली आलेली मी पाहिली नाही.

इंग्लंडमधील एक उदाहरण आपणांस उपयोगी पडेल, कारण त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. लेनर्ड चेशर हे दुसऱ्या महायुद्धातील नामवंत वैमानिक. १९४८ मध्ये त्यांनी हॅम्पशायरमधील ले कोर्ट नावाच्या आपल्या वाड्यात एका मरणोन्मुख मनुष्यास आणून स्वतः त्याची शुश्रूषा केली, आणि त्यातून चेशर होम्स निर्माण झाली. भारतातील पहिले चेशर होम १९५६ मध्ये मुंबईत अंधेरीस निघाले. ख्रिस्ती प्रेमाचे याहून उघड उदाहरण देणे कठीण. परंतु त्याच ले कोर्टमधील रहिवाशांनी पुढे व्यवस्थापनाशी झगडा मांडला. त्यांच्या मागण्या वाचून मला लाज वाटली. झोपण्याची वेळ आम्ही ठरवू. बाहेर जाताना कोणास सांगावे लागू नये. स्त्री-पुरुषांच्या मैत्रीत कोणी पडू नये. त्यांतील पॉल हंट हे स्नायूंच्या असाध्य विकाराने चाकाच्या खुर्चीवर असलेले गृहस्थ. १९७२ मध्ये त्यांनी एका इंग्रजी दैनिकास पत्र लिहून देशभरच्या अपंगांस एकत्र येण्याचे आवाहन केले आणि त्यातून जी संघटना झाली तिने अपंगत्वाचा विचारच बदलला. शरीराचे व्यंग एक आणि समाजाने घातलेला अडसर दुसरा, हे त्यांनी वेगळे करून दाखवले. १९७९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, हंट वारले. त्या आधी, १९७६ मध्ये, केन व मॅगी डेव्हिस या अपंग दांपत्याने नॉटिंगहॅमशायरमध्ये स्वतः आखलेली एक इमारत उभी राहिली होती: खाली अपंग भाडेकरूंची स्वतंत्र घरे, वर इतर कुटुंबांची, आणि मदतीची व्यवस्था आपसांत ठरवलेली. घराचा मालक किंवा व्यवस्थापक मदतनीस नव्हता, व मदतनीस व्यवस्थापक नव्हता. सीबाच्या हातून शेत काढून घेतले होते, असे म्हणता येईल.

यावर आपल्यातील काही जण म्हणतील की हा पाश्चात्त्यांचा हक्कवाद झाला; ख्रिस्ती आदर्श सहजीवनाचा आहे, आणि ते दाखला देतील लार्शचा. मीही देत असे. जाँ व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समधील एका खेड्यात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांबरोबर एका घरात राहावयास आरंभ केला. १९७० मध्ये बंगलोरला आशा निकेतन निघाले. सेवक व सेव्य हा भेद मोडणारी घरे म्हणून आपल्या धर्मशिक्षण वर्गांत त्यांची उदाहरणे दिली गेली. व्हानिए २०१९ मध्ये वारले. त्यानंतर लार्शनेच करविलेल्या चौकशीतून २०२० मध्ये सहा स्त्रियांचे, आणि २०२३ च्या सविस्तर अहवालातून किमान पंचवीस स्त्रियांचे, त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून शोषण केल्याचे बाहेर आले. या स्त्रिया अपंग रहिवासी नव्हत्या, हे सांगणे न्यायाचे आहे; आणि त्या घरांतील सर्वच प्रेम खोटे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. संस्थेने स्वतः सत्य उघड केले, हे आपल्या अनेक संस्थांना जमलेले नाही. मला येथे एवढेच म्हणावयाचे आहे की जेथे निवारा, मदत आणि आत्मिक अधिकार हे तिन्ही एका पवित्र मानलेल्या माणसाभोवती गोळा होतात, तेथे कोणी तक्रार कोणाकडे करावी? सहजीवन हा शब्द त्याचे उत्तर देत नाही.

आपल्याजवळ याहून जवळचे एक उदाहरण आहे, आणि ते ख्रिस्ती नाही म्हणून आपल्या नजरेतून सुटते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालची संवेदना गमावून बसल्या. १९८४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड ही संस्था काढली. उचगाव येथील त्यांच्या वसतिगृहाचे नाव घरौंदा. पुढे सिंधुदुर्गात काजूच्या उद्योगाभोवती प्रौढ अपंगांच्या राहण्याची व कामाची सोय त्यांनी उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन प्रत्येक धर्मशिक्षकाने वाचावे. आपल्या दयाकार्याच्या वाङ्मयात देणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. या पुस्तकात ज्याला जिन्यापाशी थांबावे लागते त्याचा आवाज आहे. जागा आखताना स्नानगृहाचे दार किती रुंद हवे, हे खुर्चीवर बसलेला माणूस ठरवतो तेव्हा दार खरोखर रुंद होते. तरी वसतिगृह ही मुळात शिकणाऱ्या वयाची कल्पना आहे. तरुण येतो, शिकतो, नोकरीस लागतो, निघतो. जो निघून गेला, मिळवता झाला आणि आता पुन्हा थकत चालला, त्याचे घर हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आणि तो आपल्याकडे आता मोठ्या संख्येने येऊ घातला आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला व मार्च २०१४ मध्ये हा प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्यामुळे आपण मानतो की विषय संपला. वस्तुतः पोलिओ झालेल्यांच्या मोठ्या पिढ्या आज पन्नाशी-साठीत शिरत आहेत. आणि या रोगाची एक क्रूर गोष्ट अशी की कित्येक दशकांनंतर, पूर्वी बऱ्या असलेल्या स्नायूंतही नवी दुर्बलता येऊ शकते. जी भगिनी हातांच्या बळावर आयुष्यभर सरकत आली, तिचे खांदे आता जाब विचारू लागले आहेत. शिवाय आई आधी जाते. अपंग अपत्याच्या आईची नेहमीची प्रार्थना पाळकांस ठाऊक आहे: देवा, माझ्या आधी याला ने. कितीदा तरी मी त्या प्रार्थनेस आमेन म्हटले आहे. ती प्रार्थना आईच्या तोंडी यावी अशी परिस्थिती आपण राहू दिली, हे मला सुचले नाही.

कायद्याचे म्हणावे तर तो मंडळीच्या पुढे गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारास भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. त्याच्या एकोणिसाव्या कलमात अपंगांनी कोठे व कोणाबरोबर राहावे हे त्यांनी निवडावयाचे, असे तत्त्व आहे. आपल्या २०१६ च्या कायद्याचे पाचवे कलम त्याच अर्थाचे आहे, आणि सदतिसाव्या कलमात गृहनिर्माणाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने प्रौढांच्या सामूहिक निवासासाठी घरौंदा याच नावाची एक योजना काढली. परंतु तो न्यास स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अपंगत्व व बहुविकलांगता यांपुरता आहे. म्हणजे आमच्या तिघांपैकी एकीस ती लागू पडते, दोघांस नाही. सरकारी वर्गवारी या तिघांस वेगळे करते, आणि आमच्या समितीची पत्रेही त्यांस वेगळे करीत होती. एकत्र राहण्याची कल्पना तिघांचीच होती: एकीच्या डोळ्यांनी दुसऱ्याची पत्रे वाचली जावीत, एकीच्या पायांनी बाजार यावा, एकाच्या हिशेबाने घर चालावे.

स्वातंत्र्य या शब्दाविषयी ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यास जो संकोच वाटतो तो मलाही वाटतो. आपण कोणीच स्वतंत्र नाही. एकमेकांची ओझी वाहण्यास आपणांस सांगितले आहे. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू पेत्रास सांगतो की तू म्हातारा होशील तेव्हा दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुझी इच्छा नाही तेथे तुला नेईल. योहान लगेच खुलासा करतो की हे पेत्राच्या मरणाविषयी होते; परंतु हे शब्द ऐकणाऱ्या प्रत्येक वृद्धास ते आपल्याविषयी वाटतात, व ते गैर नाही. दुसऱ्याने कंबर बांधणे यात अपमान नाही. इच्छा नाही तेथे नेले जाणे याला मात्र प्रभू स्वतः क्रूसाच्या पंक्तीस बसवतो. या दोन गोष्टी आपण एक समजतो आणि ज्याची कंबर बांधावी लागते त्याला कोठेही न्यावयास मोकळे होतो. त्या भगिनीस मदत नको नव्हती. बाई लावू, असे अर्जातच होते. त्या बाईस कोणी नेमावे, एवढाच वाद होता. रात्री काही झाले तर, हा समितीचा प्रश्न खरा होता; पण तो माझ्या विधवा मावशीविषयी कोणी विचारला नाही. ती ऐंशी वर्षांची असून नंदुरबारला एकटी राहते, आणि तिचे सर्वजण कौतुक करतात.

आश्रमांस लिहिलेल्या दोन्ही पत्रांची उत्तरे आली. एकाने कळवले की स्वतःचे कपडे स्वतः धुऊ शकणाऱ्यांसच प्रवेश आहे. दुसऱ्याने वयाची मर्यादा ओलांडली असल्याचे कळवले. त्या तिघांनी उत्तरांची वाट पाहिली नव्हती. पांडेसऱ्याकडे एका गल्लीत त्यांनी तळमजल्यावर दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या. घरमालकाने पहिला प्रश्न विचारला, यात जबाबदार माणूस कोण? बंधूंनी सांगितले, तिघेही. करार अकरा महिन्यांचा झाला, तिघांच्या नावे. त्यावर माझी सही साक्षीदार म्हणून आहे. उंबरठ्यापुढे जुन्या दाराची फळी उतरती टाकली आहे. खाटा विटांवर चढवून घेतल्या आहेत. सकाळ-संध्याकाळ एक बाई येते. पहिली जी ठेवली होती ती पोलिओच्या भगिनीशी उर्मटपणे बोले, म्हणून तिसऱ्या महिन्यात तिघांनी बसून विचार केला व तिला पैसे देऊन निरोप दिला. मला हे महिन्याभराने कळले.

येत्या फेब्रुवारीत करार संपतो. घरमालकाने भाडे वाढवून मागितले आहे. आवारातील घर अद्याप रिकामे आहे. त्यात नाताळचे सजावटीचे सामान व मोडक्या खुर्च्या ठेवल्या आहेत. तिघांचा जुना अर्ज मी पुढील सभेच्या विषयपत्रिकेत पुन्हा घातला आहे, आणि या वेळी त्यांनी स्वतः येऊन बोलावे म्हणून सभा वरच्या दालनाऐवजी खाली ओसरीवर बोलावली आहे.